फ्रेझरवर वाजलेली शेळीची घंटी

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण अनुभव लिहायला नाही — लोकांच्या अनुभवांतल्या चुका काढायला. कुणाला जिन्यावर पावलं ऐकू आली की खाली "लाकूड थंडीने आकसतं, हीटिंग तपासून घ्या" असं लिहिणारा तो मीच. एका ताईंनी तर वैतागून मला ब्लॉक केलं होतं. ताई, वाचत असाल तर माफ करा. माझी अक्कल आजही तेच सांगते. फक्त या सप्टेंबरात जे झालं ते त्यात बसत नाही, आणि नदीच्या काठावर हीटिंग नसतं.

लिहू की नको यात दोन महिने गेले. शेवटी बायको म्हणाली, "इतक्या लोकांना शहाणपणा शिकवला ना तू, आता स्वतःचं लिही अन् घे ऐकून." तर लिहितोय.

आधी घरचं सांगतो. आम्ही बौद्ध, मूळचे भंडाऱ्याकडचे, आता कोक्विटलाममध्ये. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा बाकीच्या एकवीस प्रतिज्ञांबरोबर आमच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये लावलेली आहे. ती फ्रेम बाबांनी भारतातून स्वेटरात गुंडाळून, हँडबॅगमधून आणली. बाबा म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. मोहल्ल्यात कुणाला "बाहेरचं लागलं" की बाबा सायकल काढून त्या माणसाला सरकारी दवाखान्यात पोचवायचे. "भूत दिसलं तर माझ्याकडं पाठवा," म्हणायचे, "मले त्याले दोन प्रश्न विचारायचे आहेत." अशा माणसाचा मी मुलगा. त्यामुळे पुढचं वाचताना लक्षात असू द्या, की या गोष्टीवर माझ्याआधी बाबांनीच विश्वास ठेवला नसता.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. बेसमेंटमध्ये त्यांची खोली केली, शेजारीच वॉशरूम, म्हणजे जिने चढायला नकोत. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीतून शेजाऱ्याला बर्फ शोव्हल करताना बघण्यात काढला. माणूस असा सुकत चाललेला बघवत नव्हता. मग एकदा ग्रोसरी घ्यायला गेलो असताना ते माशांच्या काउंटरपाशी एका सॅमनचे कल्ले उचलून बघत होते. काउंटरवरची मुलगी ओरडणार, तेवढ्यात मागून एक सरदारजी हसले. "बाबाजी, ये तो बासी है. ताज़ी खानी है तो मेरे साथ दरिया पे चलो." ते बलवंत अंकल. लाकडाच्या मिलमधून रिटायर झालेले, राहायला ॲबट्सफोर्डला. बाबांचं अर्धं लहानपण वैनगंगेच्या पाण्यात गळ टाकण्यात गेलं होतं. त्यांना आणखी काय पाहिजे?

तेव्हापासून दर वर्षी सीझन उघडला की पहिल्या दिवशी फ्रेझर नदी. सरकार ती मासेमारीला कधी उघडेल ते मासे किती आहेत त्यावर असतं. अलीकडे मासे कमी झालेत, त्यामुळे कधी सप्टेंबर उजाडतो, कधी उघडतच नाही. जागा म्हणजे लॉहीड हायवेने मिशन गावाच्या बरंच पुढे, रेल्वेचे रूळ ओलांडून उजवीकडे कच्चा रस्ता, तो संपतो तिथे गोट्यांचा रुंद पट्टा. नेमकं नाव सांगत नाही. बाबांनी बजावून ठेवलंय, मासळीची जागा कुणाला सांगायची नाही.

तिथली पद्धत थोडी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. या पट्ट्यांवर लोक हातात रॉड धरून उभे राहत नाहीत. जड वजन लावून गळ लांब प्रवाहात टाकायचा, रॉड गोट्यांत ठोकलेल्या नळीत उभा करायचा, टोकाला एक छोटी घंटी अडकवायची आणि खुर्चीत बसून चहा प्यायचा. मासा लागला की घंटी वाजते. कुणीतरी ओरडतं, "फिश ऑन!" आणि आजूबाजूचे सगळे आपापल्या दोऱ्या भराभर गुंडाळून घेतात — दहा-बारा किलोचा मासा पळायला लागला आणि दुसऱ्याच्या दोरीत अडकला, तर गेलाच. तो मासा काठावर येईपर्यंत किंवा सुटेपर्यंत कुणी परत गळ टाकत नाही. बाबांना मासे पकडण्यापेक्षा हेच जास्त आवडायचं. "पाह्य," म्हणायचे, "एकाच्या मासोळीसाठी सगळे थांबतात. आपल्याकडे तर ॲम्ब्युलन्ससाठी थांबत नाहीत."

सगळ्यांच्या घंट्या दुकानातल्या, एकसारख्या, किणकिण वाजणाऱ्या. बाबांची वेगळी. त्यांच्या आईच्या शेळीच्या गळ्यातली पितळेची घंटी, एका बाजूने चेपलेली. तिचा आवाज जाड, थोडा फुटका. पट्ट्यावर तिला सगळे ओळखायचे. बाबांच्या उजवीकडे बसायचा तो रॉन, सत्तरीचा गोरा माणूस, तिला "गोट बेल" म्हणायचा, आणि बाबांना "बाबा".

आता मागच्या वर्षीचं.

मागच्या वर्षी पहिल्या दिवशी मी बाबांना घेऊन गेलो खरा, पण रजा टाकली नव्हती. म्हटलं, एक तासाची मीटिंग गाडीतून करू. वारा होता म्हणून काचा बंद, वर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. मी मान डोलवत स्लाइड्स बघतोय आणि तिकडे बाबांची घंटी वाजली. मोठा मासा होता. बाबा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकट्याने रॉड धरून, गुडघाभर पाण्यात, मला हाका मारत होते. बलवंत अंकल पोचेपर्यंत दोरी तुटली. मी मीटिंग संपवून खाली आलो तेव्हा बाबा ओल्या पँटने खुर्चीत बसलेले, रॉन त्यांच्या अंगावर स्वतःचं जॅकेट घालत होता.

बाबा रागावले नाहीत. फक्त विचारलं, "घंटी ऐकू नाही आली का तुले?"

मी म्हटलं, "मीटिंग होती ना बाबा."

"हो हो," म्हणाले. "काम तं करायलाच लागते."

हिवाळ्यात त्यांचं हृदय अशक्त झालं. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते, घरी आले ते आवाज घालवूनच. बोलणं कुजबुजल्यासारखं. म्हणून त्यांनीच ती घंटी उशाशी ठेवली. "हाक मारली तं वर येत नाही. घंटी वाजवीन." दिवसातून दोनदा वाजायची. पाणी पाहिजे, नाहीतर टीव्हीचा रिमोट सापडत नाही. मी धावत खाली गेलो की हसायचे. "फिश ऑन," म्हणायचे.

फेब्रुवारीतला मंगळवार. प्रज्ञा, माझी बायको, कामाला गेलेली. मुलगी सस्काटूनला शिकते, त्यामुळे घरात मी आणि बाबा. साडेनऊपासून माझी टोरांटोच्या टीमबरोबर मीटिंग, मी वरच्या खोलीत, तेच हेडफोन. दीड तासाने मी चहा घेऊन खाली गेलो.

बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पाठ भिंतीला टेकलेली. अंग गार पडायला लागलं होतं. घंटी त्यांच्या पायापाशी कार्पेटवर पडली होती.

ॲम्ब्युलन्सवाली बाई चांगली होती. म्हणाली, फार पटकन झालं असणार, त्रास झाला नसेल. प्रज्ञा म्हणाली, हात लागून पडली असेल घंटी. असेलही. पण मला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची होती आणि ती सांगणारं कुणी नव्हतं. बाबांनी ती वाजवली होती का? मी त्या मीटिंगमध्ये म्यूटवर होतो. म्यूटवर नसतो तर पलीकडच्या कुणाला तरी विचारता आलं असतं, की बाबा रे, माझ्याकडून काही आवाज आला होता का.

वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. ओळखीच्या दोघा-तिघांनी सुचवलं, मनाच्या समाधानासाठी काहीतरी शांती करून घे. मी बाबांच्याच भाषेत उत्तर दिलं, जरा जास्तच जोरात. मग एके दिवशी ती घंटी बाबांच्या लोकरीच्या मोज्यात घातली, तोंडाला रबर बँड गुंडाळला, आणि माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. चुकूनही तिचा आवाज व्हायला नको होता मला.

सप्टेंबरात बलवंत अंकलचा फोन आला. "बेटा, खुल गई है. आ जा. बाबाजी की जगह मैं खाली रखूँगा."

जायची इच्छा नव्हती. प्रज्ञाने रजा टाकली, मलाही टाकायला लावली. बाबांचा रॉड घेतला. घंटी नाही घेतली — ती नाही आणि दुकानातलीही नाही. म्हटलं, टोकाकडे बघत बसू. फोन बंद करून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. हेडफोन घरीच.

उजाडता उजाडता पोचलो. पाणी उतरलेलं, पट्टा मागच्या वर्षीपेक्षा रुंद झालेला, नदीवर धुकं. बलवंत अंकल डावीकडे, रॉन उजवीकडे, त्याच्या पलीकडे आणखी तिघं, दोन ओळखीचे चेहरे आणि एक नवा. मधली जागा खरोखरच मोकळी ठेवली होती. रॉनने येऊन नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गळ टाकला, रॉड नळीत उभा केला आणि बाबांच्या खुर्चीत बसलो. प्रज्ञा शेजारी, थर्मास मांडीवर.

तीनेक तास काहीच झालं नाही. धुकं विरलं, ऊन आलं. वारा अजिबात नव्हता. पलीकडच्या काठावरून मालगाडी गेली, तिचे डबे प्रज्ञाने मोजले. मी तिला सांगत होतो की बाबा चहात किती साखर घालायचे आणि डॉक्टरला किती सांगायचे. दोघंही हसलो. एवढं मोकळं आम्ही फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा बोलत होतो.

तेवढ्यात रॉन खुर्चीतून उठला आणि माझ्याकडे बघून ओरडला, "फिश ऑन!"

मी मागे वळून बघितलं, कुणाला लागला म्हणून. पण तो माझ्याच रॉडकडे हात करत होता. "इट्स यू! गो, गो!" डावीकडून बलवंत अंकल उभे राहिले. "ओए मिलिंद, उठ! तेरी घंटी!" आणि ते आपली दोरी गुंडाळायला लागले. रॉन गुंडाळायला लागला. पलीकडचे तिघंही.

माझा रॉड समोर होता, चार पावलांवर. टोक सरळ, काडीइतकंही हललेलं नाही. दोरी सैल. आणि टोकाला घंटीच नव्हती, तर वाजणार काय?

मी म्हटलं, "अरे कसली घंटी?"

प्रज्ञाने माझी बाही पकडली. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, रॉडच्या टोकाकडे बघत होती.

"मिलिंद," ती म्हणाली, "बाबांची घंटी वाजून राहिली."

"कुठे?"

"इथे. इथेच रे. तुला ऐकू नाही येऊन राहिली का?"

मला पाण्याचा आवाज येत होता. गोट्यांवर पळणाऱ्या रॉनच्या बुटांचा येत होता. पाच जणांच्या रिळांची घरघर येत होती. प्रज्ञाचा श्वास येत होता. मी डोळे मिटले, श्वास धरला, कानामागे हात लावले. सगळं ऐकू येत होतं, फक्त घंटी नाही. मी उठून रॉडपाशी गेलो आणि टोकावर मूठ धरली, आणि प्रज्ञा मागून रडत म्हणाली, "अजून वाजते आहे."

किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही, कारण माझ्यासाठी काही चाललंच नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखत होतो. अंकलनी हातातला रॉड हळूच खाली ठेवला. रॉन धावत आला होता तो मध्येच थांबला, माझ्या रॉडचं रिकामं टोक बघत. मग सगळ्यांचे खांदे एकदमच सैल पडले, तेव्हा मला कळलं की ती थांबली.

मी दोरी गुंडाळली. गळाला काहीही नव्हतं.

रॉन म्हणाला, "दॅट वॉज बाबाज गोट बेल. आय'ड नो इट एनीव्हेअर. व्हेअर हॅव यू गॉट इट?"

"ॲट होम," मी म्हटलं. "इन अ ड्रॉवर."

त्याने टोपी काढली. अंकलचे ओठ हलत होते, बहुतेक प्रार्थनेचा पाठ करत असावेत. आणि मग माझ्या लक्षात आलं की कुणीच परत गळ टाकत नाहीये. सीझनचा पहिला दिवस, पाण्यात मासे उड्या मारताना दिसत होते, आणि सगळ्या दोऱ्या पाण्याबाहेर. मासा आला की सुटला, ते माझ्याकडून कळायला पाहिजे होतं. पद्धतच तशी आहे. सगळे उभे, माझ्याकडे बघत.

"यू टेल अस व्हेन, सन," रॉन म्हणाला. "नो रश."

मला सांगता येईना. "झालं, टाका" असं म्हणणं म्हणजे... मी तिथे गोट्यांवर खाली बसलो आणि रडलो. फेब्रुवारीपासून मी असा रडलो नव्हतो. पाच माणसं तेवढा वेळ नदीकडे पाठ करून उभी राहिली. शेवटी प्रज्ञाच उठून त्यांना म्हणाली, "ओके. थँक यू."

घरी येऊन मी बूट न काढता वर गेलो. मोजा जागेवर, रबर बँड तसाच, मी मारलेले तिन्ही वेढे. घंटी आत. ओली आहे का ते बघितलं, खोटं कशाला सांगू. नव्हती. कोरडी ठणठणीत होती. हलवली, तर वाजली, आणि मला नीट ऐकू आली.

यानंतर मी तेच केलं जे तुम्हाला करायला सांगत आलो. तिकडे डेअऱ्या आहेत, म्हणून पुढच्या रविवारी जाऊन गाईंच्या गळ्यात घंट्या आहेत का ते बघून आलो. एकीच्याही नव्हती. रेल्वे फाटकावर घंटा आहे का ते बघितलं. फाटकच नाही, नुसती पाटी आहे. सहाही जणांना वेगवेगळं विचारलं, सगळ्यांनी तोच जाड, फुटका आवाज सांगितला. त्यातल्या एकाने तर बाबांना कधी पाहिलंही नव्हतं, तो मागच्या वर्षी दुसऱ्या पट्ट्यावर बसायचा. मुलगी फोनवर म्हणाली, "डॅड, डिड एनीवन रेकॉर्ड इट?" कुणी केलं नव्हतं, हात रिळात होते सगळ्यांचे. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तिने त्या बंद खोलीत बसवून सगळे बारीक आवाज ऐकवले. रिपोर्ट नॉर्मल. वयाच्या मानाने उत्तम म्हणे.

प्रज्ञाचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "म्हणजे हेडफोनचं काही नव्हतंच रे. कान मोकळे असते तरी त्या दिवशी तुला ऐकू आलं नसतं. बाबांना तेच सांगायचं असेल." ती माझ्यासाठीच म्हणते, मला कळतं. काही दिवस मी तसंच धरून चाललोही. पण मग दुसरी बाजू दिसते. फेब्रुवारीपासून मी एका गोष्टीवर तगून होतो, की घंटी वाजलीच नसेल, नुसती हातातून पडली असेल. आता ती आशा पूर्वीसारखी धरता येत नाही. आणि खरं सांगू का, मला राग येतो. सहा जणांना ऐकू आली. नवख्या माणसालासुद्धा आली. मी त्यांचा मुलगा होतो, एकदा मलाही ऐकू यायला काय हरकत होती?

मी अजूनही भूतबित मानत नाही. फ्रेम हॉलमध्ये तशीच आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर लिहा. "हीटिंग तपासा" लिहिलंत तरी चालेल, माझी तेवढी लायकी आहे.

घंटी मोज्यातून काढली आहे. टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी असते. हेडफोन देऊन टाकले. मीटिंगमध्ये मी आता म्यूट करत नाही. टोरांटोवाले कुरकुर करतात — मिलिंद, तुझ्या घरातली भांडी ऐकू येतात, प्लीज म्यूट युअरसेल्फ. मी सॉरी म्हणतो आणि माइक तसाच चालू ठेवतो. मला नाहीच ऐकू आली, तर निदान पलीकडचं कुणीतरी विचारेल, हा घंटीचा आवाज कुठून येतोय म्हणून.